अल्बिनचा न धुतलेला कोट

८ एप्रिल

विन्को,

नमस्कार लिहीत नाही, कारण मनात नाही. तुझ्या भावाच्या, अल्बिनच्या मातीला तुला तोंडावर सांगितलं होतं की मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही. ते मी पाळलंय. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. शाळेत गेले तेवढ्यात निम्मा वेळ गायींमागे गेला, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर श्टेफकालाही बोलाव, दोघं नवरा-बायको पोटभर हसा आणि मग पुढचं वाचा.

काल पोलोना तुमच्या आगीच्या बंबाच्या ठाण्यावरून नाचतच घरी आली. म्हणे, "आजी, संत फ्लोरियानच्या रविवारी दलात माझी शपथ! आणि विन्कोआजोबा मला आपल्या आजोबांचा कोट देणार!"

मी म्हटलं, "कोणता कोट?"

"कोणता म्हणजे काय? आगीचा. तोच."

तोच. जो तू अल्बिनच्या शवपेटीवर अंथरलास आणि खड्डा बुजायच्या आत उचलून नेलास. मी म्हटलं होतं, तो कोट मला दे, मी त्याची विल्हेवाट लावते. चार माणसांत तू मला म्हणालास, "वहिनी, हा कोट दलाचा आहे, तुझा नाही." बरं, कोट दलाचा. पोरगी माझी आहे. तिची आई आठवडाभर सीमेपलीकडे ग्राझ शहरात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, पोरीला मीच वाढवलीय, आणि मी सांगते, तो कोट तिच्या अंगावर चढणार नाही.

आपल्या दलाची रीत मला शिकवू नकोस. मेलेल्याचा कोट घरातल्या पुढच्या माणसाने घालायचा, आणि तो धुवायचा नाही, कारण त्यात त्याच्या आगींचा धूर आहे. ज्याचा कोट जास्त काळा, तो जास्त मर्द. आणि मिरवणुकीचा निळा गणवेश? त्याच्यावर केस पडलेला चालत नाही तुम्हाला. वर्षानुवर्षं आम्ही बायका तुमची सोनेरी बटणं घासतोय. ज्या कपड्यात नुसतं बँडच्या मागे चालायचं तो परीटघडीचा, आणि ज्या कपड्यात आगीत शिरायचं त्याला पाणी लावलं तर पाप!

अल्बिन होता तेव्हाही मी तो कोट घरात येऊ दिला नाही. लाकडांच्या खोपट्यात टांगायचा. तू सगळ्या बिअरच्या तंबूत सांगत फिरलास, "रेझका आमच्या भावाला लाकडांबरोबर झोपवते." हसले सगळे. अल्बिनपण हसला. मग त्याच्या घशात गाठ आली आणि हसायचं बंद झालं. गाठ कशाने आली ते डॉक्टरने सांगितलं नाही, आणि मीही सांगत नाही. मला ठाऊक नाही. पण त्या कोटाला हात लावला की बोटं काळी व्हायची, आणि तो कॉलर वर करून त्यात हनुवटी खुपसून बसायचा, हे मला ठाऊक आहे.

पोरीला तिच्या मापाचा नवा कोट द्या. उत्तर पाठव.

रेझका


१४ एप्रिल

विन्को,

तुझं उत्तर मिळालं. गेल्या वर्षीच्या बिअर-जत्रेच्या पत्रकामागे लिहिलंस, म्हणजे दलप्रमुखाकडे कोरा कागदही नाही. श्टेफका घेऊन आली, दारात उभी राहून माझ्या पडद्यांकडे बघत होती. पडदे धुतलेले आहेत, तिला सांग.

तू लिहितोस, "वहिनी, पोरीला स्वतःलाच तो कोट हवाय. तिलाच विचार." विचारलं. तिला हवाय. तिला एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलवाला तो दाढीवालाही हवा होता. हवं असणं आणि अंगाला बसणं यात फरक आहे.

तू लिहितोस, "थोडा सैल होईल, बाह्या दुमडून घेईल." थोडा सैल! अल्बिन दारातून आत आला की स्वयंपाकघरात अंधार व्हायचा. पोलोना त्याच्या एका पायजम्यात मावेल. परवा तू तिला नुसता घालून बघायला दिलास, आणि ती तसाच घालून मला दाखवायला आली. बाह्या बोटांच्याही खाली. विजारीची बैठक गुडघ्याशी. बुटात वर्तमानपत्र कोंबलेलं. मी म्हटलं, "शिडी चढून दाखव." सफरचंदाच्या झाडाची शिडी तिथेच होती. चढली बिचारी. तिसऱ्या पायरीवर पाय विजारीत अडकला आणि खाली माझ्या वाफ्यात बसली. लसूण मोडली. वर मलाच म्हणते, "आजी, तू मुद्दाम केलंस."

हो, मुद्दाम केलं. वाफ्यात पडली, जळक्या जिन्यावरून नाही पडली.

बाह्या दुमडल्यावर हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते तिच्यातून काय आत जातं, ते मी तुला सांगायला हवंय? हे मी पोथीत वाचलेलं नाही. तुझ्याच दलातल्या पोरांची मनगटं बघ जरा. कोटाच्या चकाकत्या पट्ट्या तर करपून काळ्या पडल्यात. धुरात ती पडली तर शोधणार कशी? वासावरून?

आणि लाल नवाकोरा बंब घेतलात, पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतलंत, आरशाला फिती बांधल्यात. त्या बंबात बसणाऱ्या पोरीच्या अंगावर मेलेल्या माणसाचं धुराडं.

श्टेफकाने जाता जाता सांगितलं की तिने त्या कोटावर अल्बिनच्या सेवेचं रुपेरी मानचिन्ह स्वतःच्या हाताने शिवलंय, "अगदी पक्कं, मोचीच्या दोऱ्याने." मला वाटतं तिची अपेक्षा होती की मी रडावं. मी म्हटलं, "दार लाव जाताना, माशा येतात."

रेझका


२४ एप्रिल

विन्को,

या खेपेला हसू नकोस.

शनिवारी तू पोरांना घेऊन खालच्या मळ्यातलं बिअरचे हॉप्स वाळवायचं जुनं घर पेटवलंस, सरावासाठी. पाडायचंच होतं म्हणे. धूर मी अंगणातून बघत होते. पोलोनाची शपथ अजून व्हायची होती, तरी तिला आत नेलंस. आणि तो कोट घालून नेलंस.

संध्याकाळी ती घरी आली, "मस्त झालं आजी," म्हणाली, आणि जेवायला बसली. मी फळीवरची खोलगट बशी मागितली. उजव्या हाताने काढली. मिठाची बरणी डाव्या बाजूला होती, तीसुद्धा वळून उजव्या हाताने काढली. पोरगी डावरी आहे, विन्को. तिच्या डावखुरेपणावरून शाळेच्या मास्तरशी मी भांडलेय.

"शर्ट काढ," मी म्हटलं.

"आजी, काहीतरीच काय."

"काढतेस की कात्री आणू?"

डाव्या खांद्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला, लाल ठिपके. फोड आलेले. एकाशेजारी एक, नीट रांगेत, जसे कुणी मोजून लावावेत. वर सरळ, दोन्ही बाजूंनी खाली, आणि खाली टोक. ढाल. श्टेफकाने शिवलेल्या मानचिन्हाचा आकार, टाका न् टाका.

मला आधी कळेना. पोलोनाला कळलं. ती ज्या सरावाच्या वर्गाला गेली होती तिथे त्यांना शिकवलंय. कोटाच्या आत, वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, एक पातळ पापुद्रा असतो. पाणी आणि वाफ अडवतो. त्याला सुई लागली की संपलं. बाहेरून पाइपाचं पाणी पडलं, आगीने ते उकळलं, आणि ज्या ज्या भोकातून श्टेफकाची सुई गेली होती त्या त्या भोकातून वाफ माझ्या नातीच्या अंगात शिरली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मानचिन्ह शिवलेला कोट घालून आत शिरलीस, तेव्हा माहीत होतं?"

ती म्हणाली, "आजोबांचं चिन्ह होतं, आजी. ते काढा असं मी विन्कोआजोबांना कसं सांगणार?"

बघ. हे तू केलंस. तू पोरीला आग विझवायला नाही शिकवलंस, तुझ्यासमोर गप्प बसायला शिकवलंस.

मी विचारलं, "आता तरी सोडशील तो कोट?" तर म्हणाली, नाही. मानचिन्ह उसवीन, भोकांवर काहीतरी चिकटवीन, पण कोट तोच. आणि न धुता. "धुतला तर त्यात आजोबा राहणारच नाहीत, आजी. त्यांचा वास जाईल."

तिला जे सांगितलं ते तुलाही सांगते. अल्बिनचा वास सफरचंदाच्या दारूचा होता, स्वस्त तंबाखूचा होता, आणि शनिवारी आंघोळ केली की साबणाचा होता. त्या कोटाला जळालेल्या टायरचा, जळालेल्या गोठ्याचा आणि त्या प्लॅस्टिकच्या गोदामाचा वास येतो. तो माझा नवरा नाही. माझा नवरा मी पुरलाय.

पोलोना उठून आत गेली. माझ्याशी बोलत नाही. तुझ्या-माझ्यासारखंच चाललंय आता घरात.

पहिला सराव झाला की शपथेपर्यंत कोट तुमच्या रीतीने वारसाच्या घरी राहतो, म्हणून तो आत्ता माझ्या खोपट्यात आहे. हे लक्षात ठेव.

रेझका


२९ एप्रिल

विन्को,

पत्रासोबत बरणी पाठवते आहे. लोणच्याच्या काकड्यांची आहे, पण आत काकड्या नाहीत. झाकण घराबाहेर उघड.

काल सकाळी मी अंगणातल्या दगडी हौदात अल्बिनचा कोट टाकला. तू भिंतीशी येऊन ओरडलास ते सगळ्या गावाने ऐकलं. तू आता बायकोला सांगत असशील की रेझकाने शब्द मोडला, बोलली माझ्याशी. मी तुझ्याशी एक अक्षर बोललेले नाही. मी कुत्र्याशी बोलत होते. पोलोना साक्षीला आहे.

तू म्हणालास, "वहिनी, बाहेर काढ तो कोट! ती अल्बिनची आठवण आहे!"

मी कुत्र्याला म्हटलं, "म्हाताऱ्या, आठवण गटारातून वाहत कुणाच्या दाराकडे चाललीय बघ." कारण माझ्या अंगणाचा उतार सरळ तुमच्या ठाण्यापुढून जातो, आणि पाणी काळं होतं. मातकट नाही, काळं, आणि वर तेलाची साय.

तू म्हणालास, "पंचवीस गावांच्या आगी आहेत त्यात!"

मी कुत्र्याला म्हटलं, "म्हणूनच तू हुंगून लांब गेलास का रे?"

तू म्हणालास, "माझ्या भावाचा अपमान करतेस."

त्यावर मी कुत्र्यालाही काही बोलले नाही. त्यावर पोलोना आतून बाहेर आली.

आता जे तू पाहिलं नाहीस ते लिहिते, कारण तू तरातरा निघून गेलास. मी उकळतं पाणी आणि ब्लीचची बाटली काढून ठेवली होती. जसे आम्ही डुक्कर कापायच्या दिवशीचे अॅप्रन धुतो तसा त्याला चांगला शिजवणार होते. पोलोनाने बाटली माझ्या हातातून ओढली.

"आजी, ब्लीचने कापड मरतं!"

"मरू दे."

"मरू दे काय? धुवायचा असेल तर नीट धू, नाहीतर धूच नको."

मग तिने आतली पट्टी वाचून दाखवली. कोमट पाणी. ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं ते सुवासिक पाणी नाही. अस्तराची चेन उघडून ते वेगळं धुवायचं. हुक सगळे लावून घ्यायचे, नाहीतर कापडाला ओरखडे पडतात. घरच्या कपड्यांबरोबर नाही. हातात रबरी मोजे. वाळवायचा सावलीत, उन्हाने धागा कुजतो. इतकी वर्षं ही पट्टी त्याच्या कॉलरखाली होती, विन्को, आणि काजळीने दिसत नव्हती. तिला ओल्या फडक्याने पुसावी लागली.

मी म्हटलं, "मग धू की तूच, इतकं येतं तर."

तिने आधी मानचिन्ह उसवलं, मग मोजे घातले. पहिलं पाणी मी सोडलं होतं, दुसरं तिने सोडलं. रडत होती, पण हात थांबला नाही. मग पाणी बदलत राहिली. मी बाकावर बसून बघत होते. हौदाच्या कडेला काळी रेघ पडली ती अजून निघत नाही.

शेवटी तिने अस्तर उलटं करून त्याचा द्रोण केला, पापुद्रा वर येईल असा, मला म्हणाली, "दोन्ही बाजूंनी धर," आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. वर्गात शिकवलेली परीक्षा आहे. धड कोट असेल तर खाली थेंब पडत नाही. आम्ही दोघी वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग एक थेंब. मग शेजारी दुसरा. मग सगळे, रांगेने, आणि खाली फरशीवर ओल्या ठिपक्यांची ढाल उमटली. पोलोनाने स्वतःच्या खांद्याखाली हात लावला.

मग तिने एवढंच म्हटलं, "आजी, हा मी घालणार नाही."

बरणीत तिसरं पाणी आहे. पहिलं पाठवलं असतं तर म्हणाला असतास, रेझकाने शाई ओतली. हे तिसरं. उजेडात धर. हे तुझ्या भावाच्या छातीला, हनुवटीला, मानेला लागून होतं, आणि तुझ्या पोरांच्या कोटांतही हेच आहे, ज्यांच्यावर तुम्ही बिअर पिताना टेकता.

रविवारी माझी नात शपथ घेणार. ती घेणारच, कारण माझ्यासारखी हट्टी आहे. तिच्या अंगावर तिच्या मापाचा, धड कोट नसेल तर मी चर्चच्या दारात उभी राहीन आणि पाद्रीबाबांच्या देखत तिचा शर्ट बाजूला करून सगळ्या बँडला ती ढाल दाखवीन. पोलोना म्हणते, तिची हरकत नाही.

रेझका


६ मे

विन्को,

तू शेजारच्या गावी, ग्राब्रोवाला गेलास हे मला दुधवालीकडून कळलं. मी तिला दोनदा सांगायला लावलं, इतकं गोड वाटलं. ग्राब्रोवाच्या दलाला! ज्यांच्या नावाने तू थुंकतोस, ज्यांनी पाण्याचे पाइप ओढायच्या शर्यतीत तुम्हाला चारदा हरवलं, ज्यांच्या प्रमुखाला तू "अत्तरवाला" म्हणतोस कारण ते आपले कोट यंत्रात धुतात. त्यांच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "लहान मापाचा एखादा कोट असेल तर रविवारपुरता द्या, आमचा मागवलाय, यायला वेळ आहे." अत्तरवाल्याने विचारलं म्हणे, "धुतलेला चालेल ना?" दुधवालीची बहीण तिथेच होती.

हे वाचून तुला राग येणार म्हणूनच लिहिलं.

रविवारी पोलोना वेदीसमोर उभी राहिली. बाह्या मनगटाशी, विजार कमरेशी, बूट पायाचे. पट्ट्या अशा चमकत होत्या की पाद्रीबाबांनी डोळे मिचकावले. आणि ती वळली तेव्हा पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत ग्राब्रोवा. अख्खं चर्च हललं. बँडवाल्याची तुतारी चुकली. तुमचा आगवाल्यांचा संत फ्लोरियानसुद्धा कोनाड्यातून हातातली बादली सांडेल असं वाटलं. तुझं तोंड मी मुद्दाम पाहिलं. तू तिच्या कोटाचे हुक लावत होतास, रीतीप्रमाणे, एकेक करून, आणि कॉलरशी आल्यावर थांबलास. तिथून तिला काही टोचत नाही ना ते बोट घालून पाहिलंस. रीतीत ते नाही.

श्टेफकाने जेवणाच्या वेळी माझ्यासमोर अक्रोड भरून भाजलेली गोड रोटी, सणाची पोतित्सा आणून ठेवली आणि उभी राहिली. म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं, रेझका. पक्कं बसावं म्हणून शिवलं." मी एक तुकडा खाल्ला. कोरडी होती. तिला सांगितलं, कोरडी आहे. पण खाल्ला.

अल्बिनचा कोट पोलोना ठाण्यात ठेवून आलीय. तुमच्या काचेच्या कपाटात टांगा, मानचिन्हासकट. कुणाच्या अंगावर चढवू नका. वास घेऊन बघ, कशाचाच येत नाही.

आता आज सकाळचं. मी गायीकडे निघाले तर फाटकाला गोणी टांगलेली. उघडून पाहिली तर तुझा कोट. दलप्रमुखाचा, गावातला सगळ्यात काळा, ज्याला तू कुणाला हात लावू देत नव्हतास. सोबत ना चिठ्ठी ना शब्द. मी रस्त्याकडे पाहिलं तर तू ठाण्याच्या कोपऱ्यावर पाठ करून उभा होतास, बंबाचे आरसे पुसत होतास, आणि खोकत होतास. तो खोकला मला ओळखीचा आहे, विन्को. मी तो या घरात दोन हिवाळे ऐकलाय. बुधवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात पोलोनाची गाडी जाणार आहे, तिच्या फोडांची पट्टी बदलायला. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. यायचं तर ये, नाहीतर मर.

कोट तसाच गोणीत आहे. मी तुझी धोबीण नाही.

हौद मात्र घासून ठेवलाय. स्वतः येऊन धू. तिन्हीसांजेच्या आत ये, पाणी गार होतं. मोजे खुंटीला आहेत, साबण कुठे ते पोलोना सांगेल. मी बाकावर बसेन, पण तुझ्याशी बोलणार नाही. काही विचारायचं असेल तर कुत्र्याला विचार.

रेझका